एका बेसबॉलपटूला ७६ कोटी डॉलर: करार महाग की वाजवी, हे कसं ओळखायचं?

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्स या संघाने हुआन सोटोशी १५ वर्षांचा करार केला. सोटो तेव्हा २६ वर्षांचा होता. रक्कम होती ७६ कोटी ५० लाख डॉलर, म्हणजे वर्षाला ५ कोटी १० लाख. रुपयांत मांडलं तर दरवर्षी चारशे कोटींच्या वर. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी आयपीएलच्या लिलावात ऋषभ पंतवर २७ कोटी रुपयांची विक्रमी बोली लागली होती आणि ती ऐकूनच आपले डोळे विस्फारले होते. न्यू जर्सीत मुलांकडे राहायला गेलेल्या आजी-आजोबांना नातवाने सोटोचा आकडा सांगितला, तर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "एका माणसाला? कशासाठी?"

या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी हिशेबात देता येतं. बेसबॉलइतकी बारीक आकडेवारी क्वचितच दुसऱ्या एखाद्या खेळात ठेवली जाते, आणि गेल्या काही दशकांत त्या आकडेवारीवरून खेळाडूची किंमत काढण्याची रीतही बसली आहे. तरीही करारांवरची बहुतेक मतं उलट्या बाजूने बनतात. खेळाडू चमकला की करार स्वस्त ठरतो, जखमी झाला की संघ मूर्ख ठरतो. मला हे पटत नाही. करार चांगला होता की वाईट, याचा निवाडा सही झाली त्या दिवशी हातात असलेल्या माहितीवर व्हायला हवा. तसा निवाडा करायला तीन आकडे लागतात: खेळाडू किती विजय मिळवून देतो, एका विजयाचा बाजारभाव काय, आणि वयाबरोबर त्याचा खेळ किती उतरेल.

## हा बाजार चालतो कसा?

मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ जवळजवळ रोज मैदानात उतरतो आणि मोसमात १६२ सामने खेळतो. नवा खेळाडू लीगमध्ये आला की पहिली सहा वर्षं तो त्या संघाच्या ताब्यात असतो. संघ त्याला दुसरीकडे देऊ शकतो, पण त्याला स्वतःहून जाता येत नाही. त्यातली पहिली साधारण तीन वर्षं त्याला किमान पगाराच्या आसपास रक्कम मिळते. २०२५ मध्ये हा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता. पुढच्या तीन वर्षांत पगारावरून जमलं नाही तर लवाद निवाडा देतो आणि रक्कम पायरीपायरीने वाढते. सहा वर्षं भरली आणि करार संपला की खेळाडू मोकळा होतो, त्याला फ्री एजंट म्हणतात. मग कोणताही संघ त्याला मागणी घालू शकतो.

आयपीएलमध्ये प्रत्येक संघाला खर्चाची पक्की मर्यादा असते. इथे तशी नाही. संघाचा एकूण पगारखर्च ठरावीक रकमेच्या पुढे गेला तर वरच्या रकमेवर लीगला कर द्यावा लागतो, त्याचं नाव लक्झरी टॅक्स. २०२५ मध्ये ही रेषा २४ कोटी १० लाख डॉलरवर होती. कर भरायची तयारी असलेल्या मालकाला कुणी अडवत नाही. शिवाय करारातली रक्कम हमीची असते. खेळाडू जखमी झाला, त्याचा फॉर्म गेला, संघाने त्याला काढून टाकलं, तरी ठरलेले पैसे द्यावेच लागतात. त्यामुळे चूक झाली तर ती वर्षानुवर्षं फेडावी लागते.

## एक खेळाडू किती सामने जिंकून देतो?

बेसबॉलमध्ये धावा फार कमी होतात. एका सामन्यात एका संघाच्या सरासरी चार-साडेचार. त्यामुळे प्रत्येक धाव मोलाची असते आणि मैदानावरच्या प्रत्येक घटनेची किंमत धावांत काढता येते. दशकानुदशकांच्या नोंदी तपासून ही किंमत ठरली आहे. होम रन, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे, सरासरी १.४ धावांच्या मोलाचा असतो, कारण पुष्कळदा पुढे बेसवर, म्हणजे धाव पुरी करण्याच्या वाटेवरच्या थांब्यांवर, उभे असलेले सहकारीही त्यावर धाव पुरी करतात. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, चार वाईट चेंडू टाकले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो, त्याला वॉक म्हणतात. वॉकची किंमत सुमारे ०.३ धाव. फलंदाज बाद झाला तर पाव धावेहून थोडं जास्त नुकसान. अशी मोसमभराची बेरीज करायची, त्यात बेसमधल्या धावण्याची आणि क्षेत्ररक्षणाची भर घालायची.

मग दोन दुरुस्त्या येतात. पहिली मैदानाची. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे, तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो. तिथे काढलेल्या धावांना तेवढी वजावट. दुसरी दुरुस्ती जागेची. कॅचर किंवा शॉर्टस्टॉप या जागा निभावणारे मुळात थोडे, म्हणून त्यांना वाढीव गुण. पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षण करणारा किंवा नुसती फलंदाजी करणारा असेल तर गुण कापले जातात. शेवटी सगळ्या धावांना दहाने भागायचं. मोसमात केलेल्या आणि दिलेल्या धावांचा फरक दहाने सुधारला की सरासरी संघाचा साधारण एक विजय वाढतो, हे अनेक मोसमांच्या निकालांवरून दिसलेलं आहे.

आता खरा कळीचा मुद्दा. हे विजय कुणाच्या तुलनेत मोजायचे? खानावळीचा मुख्य आचारी महिनाभर गावी गेला तर मालक बदली माणूस आणतो. भाजी कधी खारट होते, काही गिऱ्हाइकं शेजारी जेवायला जातात, पण खानावळ चालू राहते. मुख्य आचाऱ्याची किंमत महिन्याच्या सगळ्या गल्ल्याएवढी नसते, बदलीच्या हाताखाली जेवढा गल्ला घटला तेवढी असते. बेसबॉलमध्येही खालच्या लीगमधून किमान पगारावर कुणीतरी कायम उचलून आणता येतो. नुसत्या अशा बदली खेळाडूंचा संघ उतरवला तर तो १६२ पैकी सुमारे ४८ सामने जिंकेल, असं धरतात. फॅनग्राफ्स आणि बेसबॉल-रेफरन्स या आकडेवारी ठेवणाऱ्या दोन प्रमुख संकेतस्थळांनी २०१३ मध्ये ही पातळी एकमताने ठरवली. बदली खेळाडूच्या वर एखादा जेवढे सामने जिंकून देतो, त्या आकड्याला तिकडे 'वॉर' म्हणतात. मी पुढे त्यांना जास्तीचे विजय म्हणेन.

मोसमात दोन जास्तीचे विजय देणारा खेळाडू संघात नियमित जागा टिकवतो. पाच देणारा अव्वल. आठच्या पुढे गेला तर वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्याच्या आवाक्यात येतो.

## विजयाचा भाव ठरतो कुठे?

३० संघ मिळून मोसमात २४३० सामने खेळतात, म्हणजे विजयही २४३०. त्यातून बदली खेळाडूंच्या संघांनीही मिळवले असते ते विजय वजा केले (३० गुणिले ४८) की उरतात साधारण १०००. सगळ्या लीगमध्ये वर्षाला वाटून घ्यायला एवढेच जास्तीचे विजय असतात. अलीकडच्या मोसमांत सगळ्या संघांचा मिळून पगारखर्च ५०० कोटी डॉलरच्या आसपास गेला आहे. सरळ भागाकार केला तर एक विजय पडतो ५० लाख डॉलरला.

पण या भावाने खुल्या बाजारात विजय मिळत नाही. फ्री एजंटांच्या करारांची रक्कम घेऊन तिला त्यांच्याकडून अपेक्षित असलेल्या विजयांनी भागलं, तर गेल्या काही वर्षांतला भाव ८० लाख ते १ कोटी डॉलर निघतो. हा फरक येतो त्या पहिल्या सहा वर्षांमुळे. हजारातले कितीतरी विजय तरुण मुलं मिळवून देतात आणि त्यांना मिळतं किरकोळ. ॲरन जजचंच पाहा. न्यूयॉर्क यांकीजकडून २०१७ मध्ये पहिलाच पूर्ण मोसम खेळताना त्याने ५२ होम रन मारले. नवख्या खेळाडूचा तो तेव्हाचा विक्रम होता. त्याचे जास्तीचे विजय आठच्या आसपास होते. त्या वर्षीचा किमान पगार ५ लाख ३५ हजार डॉलर, आणि जजला मिळाले ते त्याहून थोडेसेच जास्त. एक विजय ८० लाखांना धरला तर त्याने सहा कोटींहून जास्त किमतीचं काम केलं होतं.

तिशीतल्या खेळाडूला मिळालेल्या मोठ्या रकमेवर 'एवढा पगार?' असं लिहिणाऱ्यांनी २०१७ सालच्या पगाराकडेही बघावं, असं मला कळकळीने वाटतं. मोठा करार हा पुष्कळदा उशिरा आलेला पगार असतो, आणि तोही सहा वर्षं न मोडता टिकलेल्यांनाच मिळतो. ज्याचा खांदा पाचव्या वर्षी गेला, त्याचे ते विजय संघाला कायमचे स्वस्तात पडलेले असतात.

## वय आणि उतरण

फलंदाज साधारण २६ ते २९ या वयात भरात असतो. तिशी ओलांडल्यावर दरवर्षी सरासरी अर्धा विजय कमी होतो, असं हिशेबात धरण्याचा प्रघात आहे. बहुतेक जण फ्री एजंट होतात तेच तिशीच्या उंबरठ्यावर. म्हणजे संघ जवळजवळ नेहमी उताराचाच रस्ता विकत घेतो. हे संघांना चांगलं ठाऊक असतं. सुरुवातीच्या वर्षांत दिलेल्या पैशांपेक्षा जास्त खेळ मिळेल, शेवटच्या वर्षांत कमी मिळेल, आणि बेरीज जमेल, अशा बेताने करार आखलेला असतो. नवव्या वर्षी 'पैसे वाया चालले' असं म्हणताना पहिल्या तीन वर्षांतली कमाई धरलीच पाहिजे.

## जजच्या कराराचा हिशेब करून पाहू

२०२२ च्या मोसमाआधी यांकीजने जजला सात वर्षांसाठी २१ कोटी ३५ लाख डॉलर देऊ केले. त्याने नाही म्हटलं आणि त्याच मोसमात ६२ होम रन मारून अमेरिकन लीगमधला (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) रॉजर मॅरिसचा १९६१ सालचा ६१ चा विक्रम मोडला. डिसेंबरमध्ये त्याच यांकीजने त्याला नऊ वर्षांसाठी ३६ कोटी डॉलर दिले. करारातल्या पहिल्या मोसमात तो ३१ वर्षांचा होणार होता, शेवटच्या मोसमात ३९ चा.

२०२२ मध्ये त्याचे जास्तीचे विजय ११ च्या आसपास होते. तरी पुढचा हिशेब ११ पासून सुरू करायचा नसतो. आयुष्यातला सर्वोत्तम मोसम पुन्हा येण्याची शक्यता कमी, आणि जजचा दुखापतींचा इतिहासही होता. म्हणून मी पहिल्या वर्षी ६.५ विजय धरतो आणि दरवर्षी अर्धा कमी करतो: ६.५, ६, ५.५ असं करत नवव्या वर्षी २.५. बेरीज येते ४०.५. एका विजयाला ९० लाख डॉलर धरले तर किंमत ३६ कोटी ४५ लाख. प्रत्यक्ष करार ३६ कोटींचा. जवळजवळ बरोबर.

भाव वर्षागणिक वाढतो, हे यात धरलेलं नाही. पण आठ वर्षांनी द्यायचा डॉलर आजच्या डॉलरपेक्षा हलका असतो, हेही धरलेलं नाही. दोन्ही चुका उलट दिशांच्या असल्याने ढोबळ हिशेबात एकमेकींना बऱ्याच अंशी सांभाळून घेतात.

आता एकच आकडा बदला. पहिल्या वर्षी ६.५ ऐवजी ५.५ विजय धरले तर बेरीज ३१.५ होते आणि किंमत २८ कोटी ३५ लाखांवर येते. अंदाज एका विजयाने हलला आणि आठ कोटी डॉलर इकडचे तिकडे झाले. म्हणून 'हा करार इतक्या डॉलरने महाग' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर फार भरवसा ठेवू नये. हा हिशेब 'वाजवी', 'जरा चढा' आणि 'वेडेपणा' यांतला फरक दाखवतो, त्याहून बारीक काही दाखवत नाही.

पुढे काय झालं? २०२३ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या दुखापतीमुळे जज १०६ सामनेच खेळला. २०२४ मध्ये ५८ होम रन, २०२५ मध्ये ५३, दोन्ही वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा किताब. माझ्या हिशेबात तीन वर्षांत १८ विजय होते, प्रत्यक्षात २५ च्या आसपास आले. तरी डिसेंबर २०२२ मध्ये तो करार लूट नव्हता, वाजवी होता, असंच मी म्हणेन.

## ओतानीचे ७० कोटी खरोखर ७० कोटी आहेत का?

नाहीत. शोहेई ओतानीने डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सशी दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार केला, पण त्यातले ६८ कोटी पुढे ढकलले. खेळत असताना त्याला वर्षाला फक्त २० लाख डॉलर मिळतात. उरलेले २०३४ ते २०४३ या काळात वर्षाला ६ कोटी ८० लाख याप्रमाणे, बिनव्याजी.

आज ४ कोटी ४० लाख डॉलर साधारण ४.४ टक्के चक्रवाढीने ठेवले तर दहा वर्षांनी त्याचे ६ कोटी ८० लाख होतात. म्हणजे ओतानीला एका वर्षाच्या खेळाबद्दल आजच्या मोलाने मिळतात हे ४ कोटी ४० लाख आणि हातात येणारे २० लाख, एकूण ४ कोटी ६० लाखांच्या आसपास. लक्झरी टॅक्स मोजताना लीगही याच पद्धतीने तेवढीच रक्कम धरते. ७० कोटींचा करार आजच्या पैशांत ४६ कोटींचा होतो. सोटोच्या करारात मात्र पुढे ढकललेली रक्कम काहीच नाही. त्यामुळे मथळ्यांत ७० आणि ७६.५ हे आकडे शेजारी दिसले, तरी दोन करारांतली दरी साडेसहा कोटींपेक्षा पुष्कळ मोठी आहे.

रक्कम पुढे ढकलण्याची प्रथा जुनी आहे. बॉबी बोनिया खेळायचा थांबून किती वर्षं झाली, तरी मेट्स त्याला २०११ पासून दर १ जुलैला ११ लाख ९३ हजार डॉलर देत आहेत आणि २०३५ पर्यंत देणार आहेत. मुळात देणं होतं ५९ लाखांचं. ते आठ टक्के व्याजाने पुढे नेलं, त्याचं हे झालं. कराराची बातमी वाचताना एकूण रकमेइतकंच 'कधी देणार' हेही बघावं लागतं.

ओतानीबद्दल आणखी एक सांगायला हवं. तो फलंदाजही आहे आणि पिचरही. कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे २०२४ मध्ये त्याने एकही चेंडू टाकला नाही, तरी ५४ होम रन आणि ५९ चोरलेले बेस (फटक्याची वाट न बघता धावून गाठलेले पुढचे बेस) अशी कामगिरी केली. एका मोसमात पन्नास-पन्नास आधी कुणालाच जमलं नव्हतं. शिवाय जपानी कंपन्यांच्या जाहिराती आणि तिथून येणारे प्रेक्षक हे उत्पन्न जास्तीच्या विजयांत कुठेच मोजलं जात नाही.

## 'पण जखमी झाला तर सगळे पैसे बुडालेच ना?'

डिसेंबर २०१९ मधल्या तीन दिवसांत तीन मोठे करार झाले, तिन्ही एकाच एजंटने, स्कॉट बोरास याने घडवून आणले. वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम लढत, नुकतीच जिंकलेल्या वॉशिंग्टन नॅशनल्सने आपल्या स्टीफन स्ट्रासबर्ग या पिचरला सात वर्षांसाठी २४ कोटी ५० लाख दिले. यांकीजने गेरिट कोल या पिचरला नऊ वर्षांसाठी ३२ कोटी ४० लाख. आणि नॅशनल्सच्याच विजयी संघातला अँथनी रेंडॉन एंजल्स या संघाकडे गेला, त्यालाही सात वर्षांचे २४ कोटी ५० लाख.

स्ट्रासबर्ग त्यानंतर एकूण आठ सामन्यांत पिचिंग करू शकला आणि निवृत्त झाला. रेंडॉन एंजल्सकडून कोणत्याही मोसमात ५८ च्या वर सामने खेळला नाही. कोलने २०२३ मध्ये एकमताने साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळवला, २०२५ चा अख्खा मोसम मात्र कोपराच्या शस्त्रक्रियेत गेला.

रेंडॉनचा करार आज सर्वांत वाईट करारांत गणला जातो. पण त्या डिसेंबरात बसून हिशेब करा. वय २९, मागच्या तीन मोसमांत अव्वल खेळ. सहा विजयांपासून सुरुवात करून दरवर्षी अर्धा कमी केला तर सात वर्षांत ३१.५ विजय, ८० लाखांच्या भावाने २५ कोटी २० लाख. दिलेल्या रकमेहून किंचित जास्तच. हा निर्णय चुकला नव्हता, नशीब फिरलं. स्ट्रासबर्गच्या बाबतीत मी इतकं ठामपणे बोलणार नाही. त्याच्या कोपरावर २०१० मध्येच मोठी शस्त्रक्रिया झाली होती आणि पिचरचा हात हा बेसबॉलमधला सर्वांत भरवशाचा नसलेला अवयव आहे. ती जोखीम दिसत होती, किमतीत मात्र पुरेशी उतरली नव्हती.

सहीच्या दिवशीही चुकीचा असा करार पाहायचा तर आल्बर्ट पुहोल्सचा. तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या पुहोल्सला एंजल्सने डिसेंबर २०११ मध्ये दहा वर्षांसाठी सुमारे २४ कोटी डॉलर दिले. तो ३१ वर्षांचा होता, आणि २००९ पासून त्याचे जास्तीचे विजय दरवर्षी घटत आले होते. उतरण आधीच सुरू झाल्याचं आकड्यांत दिसत होतं. एंजल्सने गेल्या दशकातल्या कीर्तीचे पैसे पुढच्या दशकासाठी मोजले. मे २०२१ मध्ये, कराराच्या शेवटच्या वर्षी, त्याला संघातून काढलं.

आणि हीच फूटपट्टी दुसऱ्या बाजूलाही लावायची. मॅक्स शेर्झर या पिचरला नॅशनल्सने २०१५ मध्ये, तो तिशीत असताना, सात वर्षांसाठी २१ कोटी दिले. त्याने २०१६ आणि २०१७ चा साय यंग मिळवला, २०१९ ची वर्ल्ड सिरीज जिंकून देण्यात वाटा उचलला. फार फायद्याचा करार ठरला. त्यात निवड चांगली होतीच, पण त्याचा हात टिकला हे नशीबही होतं. रेंडॉनला दुर्दैवाची सूट देणाऱ्याने इथे दैवाचा वाटा वजा केलाच पाहिजे.

## 'एका आकड्यावर इतका विश्वास ठेवायचा?'

ठेवायचा, पण त्याच्या मर्यादेत. फॅनग्राफ्स आणि बेसबॉल-रेफरन्स एकाच खेळाडूला, विशेषतः पिचरला, वेगवेगळे आकडे देतात. फॅनग्राफ्स पिचरने क्षेत्ररक्षकांच्या मदतीशिवाय बाद केलेले फलंदाज, वॉक आणि होम रन यांवर भर देतं, कारण बाकीच्यात क्षेत्ररक्षकांचा हात असतो. बेसबॉल-रेफरन्स प्रत्यक्ष दिलेल्या धावांपासून सुरुवात करतं. क्षेत्ररक्षण मोजणं सर्वांत अवघड. २०१५ पासून सगळ्या मैदानांवर खेळाडूंची हालचाल टिपणारी यंत्रणा आहे, त्यामुळे बरीच सुधारणा झाली, तरी एका मोसमाचे आकडे अजून डळमळतात. एकाचे ५.२ आणि दुसऱ्याचे ४.८ असतील तर दोघं सारखेच समजावेत.

यापेक्षा मोठी अडचण अशी की विजयांना सगळीकडे सारखी किंमत नसते. ६५ सामने जिंकणारा संघ ६८ वर गेला तर कुणाला फरक पडत नाही. ८३ वरून ८४ वर जाणं मात्र मोसम पालटू शकतं. २०२५ मध्ये मेट्स आणि सिनसिनाटी रेड्स दोघांचेही ८३ विजय झाले, आपापसातल्या सामन्यांत वरचढ म्हणून रेड्स बाद फेरीत गेले आणि मेट्स घरी बसले. आणखी एका विजयासाठी मेट्सने त्या दिवशी किती मोजले असते? म्हणून काठावरचा संघ ज्या रकमेला करार करतो, ती तळाच्या संघाने दिली तर उधळपट्टी ठरते.

## मग सोटो?

सोटो वेगळा आहे, कारण तो १९ व्या वर्षी लीगमध्ये आला आणि २६ व्या वर्षीच बाजारात मोकळा झाला. २०२२ मध्ये त्याने नॅशनल्सचा १५ वर्षांचा ४४ कोटींचा प्रस्ताव नाकारला होता. २०२४ मध्ये ४१ होम रन, १२९ वॉक आणि आठच्या आसपास जास्तीचे विजय.

पहिली पाच वर्षं प्रत्येकी ६.५ विजय धरू, मग २०३० मध्ये सहा आणि पुढे दरवर्षी अर्धा कमी, ४० व्या वर्षी दीड. बेरीज ७० विजय. ९० लाखांच्या भावाने ६३ कोटी, १ कोटीच्या भावाने ७०. करार ७६.५ कोटींचा. शिवाय २०२९ नंतर करार सोडून पुन्हा बाजारात उतरायची मुभा सोटोला आहे. मेट्सने उरलेल्या दहा वर्षांसाठी वर्षाला ४० लाख वाढवून दिले तरच ती मुभा रद्द होते. म्हणजे तो चांगला खेळला तर मेट्सना जास्त मोजावं लागेल किंवा तो जाईल, आणि वाईट खेळला तर मेट्सकडेच राहील.

नुसत्या हिशेबाने हा करार चढा आहे, असं माझं मत. त्याच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. मैदानावर जागा मोजक्याच असतात. दोन-दोन विजय देणारे चार खेळाडू चार जागा अडवतात, आठ विजय देणारा एकच जागा घेतो आणि उरलेल्या तीन जागांवर आणखी विजय बसवता येतात. त्यामुळे अशा दुर्मिळ खेळाडूचा प्रत्येक विजय सरासरी भावापेक्षा महाग असायलाच हवा. उलट बाजूला, लिलाव जिंकतो तो सहसा ज्याचा अंदाज सर्वांत आशावादी असतो तोच, आणि सर्वांत आशावादी अंदाज पुष्कळदा खऱ्याच्या वर असतो. २०२५ मध्ये तरी सोटोने ४३ होम रन, ३८ चोरलेले बेस आणि १२७ वॉक मिळवून आपलं काम चोख केलं.

## 'तरीही, एवढे पैसे घ्यावेतच का?'

हा आक्षेप मनापासून येतो, म्हणून त्याला मनापासून उत्तर द्यायला हवं. १९७५ पर्यंत करार संपला तरी खेळाडू संघाच्याच मालकीचा राहत असे. १९६९ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सने कर्ट फ्लडला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तो गेला नाही, कोर्टात लढला, आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. त्याची कारकीर्द संपली. डिसेंबर १९७५ मध्ये अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या प्रकरणात लवाद पीटर सायट्झ यांनी खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला, आणि हा बाजार उघडला. पुढे १९८५ ते १९८७ या काळात मालकांनी आपसांत संगनमत करून बोलीच लावायची नाही असं ठरवलं. ते उघड झालं, आणि १९९० मध्ये त्यांना २८ कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली.

त्या वर्षांत पगार दबले म्हणून प्रेक्षकाला तिकीट स्वस्त मिळालं नाही. आज लीगचं वार्षिक उत्पन्न १२०० कोटी डॉलरच्या घरात आहे. ते एकतर मालकाकडे राहतं, नाहीतर ज्याला बघायला लोक येतात त्याच्याकडे जातं. दुसरा पर्याय मला जास्त न्याय्य वाटतो.

लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा आहे, आणि पगारखर्चावर पक्की मर्यादा हवी असं काही मालकांनी उघडपणे म्हटलेलं आहे. तशी मर्यादा आली तर विजयाचा भाव खाली येईल आणि वरचे सगळे गुणाकार नव्याने करावे लागतील. त्या वाटाघाटींच्या बातम्या वाचताना मर्यादेच्या आकड्याबरोबर आणखी दोन आकडे शोधा: किमान पगार किती वाढला, आणि मोकळं व्हायला लागणारी सहा वर्षं पाचावर आली का. २०१७ च्या जजसारख्या मुलाला त्याच्या आठ विजयांचे किती मिळणार, हे या दोनच आकड्यांवर ठरतं.